ई-रिक्षा, शिरस्त्राण आणि आपली सही

इंदुरात राजवाड्याकडे पायी निघावे, तर ई-रिक्षांच्या गर्दीतूनच वाट काढावी लागते. एका जुन्या रुग्णाने मध्यंतरी विचारले, “डॉक्टरसाहेब, स्कूटरवर हेल्मेट नसले की दंड होतो. माझा मुलगा उघड्या डोक्याने ई-रिक्षा चालवतो, त्याचे काय?” प्रश्न साधा, पण उत्तरासाठी मला कायद्याचे पुस्तक उघडावे लागले.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १२९ ने शिरस्त्राणाची सक्ती केली आहे ती मोटारसायकलवर बसणाऱ्यांना. आणि मोटारसायकल म्हणजे दोन चाकांचे वाहन, अशी त्याच अधिनियमाची व्याख्या आहे. ई-रिक्षा तीन चाकांची. म्हणून तेथे ही सक्ती नाही. विजेवर चालते म्हणून लायसन्सही लागत नाही, ही समजूत मात्र सपशेल चुकीची.

जुलै २०१४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तेथील ई-रिक्षांवर बंदी घातली, तेव्हा या वाहनाला धड नियमच नव्हते. ऑक्टोबर २०१४ मध्ये केंद्राने ते केले : चालकाखेरीज प्रवासी चारच, सामान ४० किलोपर्यंत, कमाल वेग ताशी २५ किलोमीटर, चालकाला किमान दहा दिवसांचे प्रशिक्षण. पुढे २०१५ च्या दुरुस्तीने अधिनियमात ई-रिक्षेची व्याख्या आली. त्याच दुरुस्तीने एक सवलतही दिली. भाड्याच्या वा मालवाहू वाहनाचे शिकाऊ लायसन्स घेण्यापूर्वी हलक्या वाहनाचे लायसन्स वर्षभर हाती असावे लागे. ई-रिक्षेपुरती ती अट उठली. गरिबाच्या पोटाचा विचार करता ती योग्यच होती, असे मला वाटते. परंतु डोक्यावर शिरस्त्राण नाही, हाताशी पूर्वानुभव नाही, अशा स्थितीत उरते काय? प्रशिक्षण, परिवहन कार्यालयातील चाचणी आणि नमुना १-अ वरील डॉक्टरची सही.

ताशी २५ हा वेग किरकोळ, असे कोणी म्हणेल. बाजूने उघड्या, हलक्या वाहनातून आजी रस्त्यावर पडतात, कपाळाला टेंगूळ येते, घरी जातात. आणि तीन आठवड्यांनी पाय ओढत चालू लागतात. मेंदूच्या आवरणाखाली सावकाश साचणारे रक्त आपल्यापैकी कोणी पाहिले नाही?

नमुना १-अ मधील प्रश्न मोजकेच आहेत. दृष्टिदोष आहे का, असल्यास चष्म्याने सुधारला आहे का? तीव्र वा पूर्ण रंगांधळेपणा आहे का? चांगल्या उजेडात २५ मीटरवरून मोटारीची नंबरप्लेट दिसते का? ऐकू येते का? रातांधळेपणा? हातापायांत व्यंग? लिहिताना संकोच वाटतो, पण कित्येक वर्षे मी हे रकाने अर्जदाराच्या चेहऱ्याकडे पाहूनच भरले. बाहेर रुग्ण खोळंबलेले असत, आणि समोरचा धडधाकट दिसे.

मग एके दिवशी असाच एक तरुण आला. “फक्त सही हवी होती, सर.” का कोण जाणे, मी त्याला दवाखान्याच्या पायरीवर नेले आणि पावले मोजून जवळपास २५ मीटरवरच्या मोटारीकडे बोट दाखवले. त्याने डोळे बारीक केले, हसला आणि म्हणाला, “गाडी पांढरी आहे.” दोन वर्षे तो मित्राची ई-रिक्षा चालवीत होता.

मी कागद परत केला. तो रागावला, त्या दिवसाची त्याची कमाई बुडाली होती. चौथ्या दिवशी चष्मा लावून आला, न सांगता पायरीवर उभा राहिला आणि नंबरप्लेट तर वाचलीच, पलीकडच्या पानवाल्याची पाटीही वाचून दाखवली. मग मी सही केली.