नेटवर्क कार्ड गप्प का?

मुळशी खोऱ्यातील एखाद्या शाळेत १९९० च्या सुमाराचा संगणक असेल आणि त्यातील नोंदी नव्या यंत्रावर न्यायच्या असतील, तर नेटवर्क कार्ड बोलायला हवे. प्लग काढा, कार्ड बाहेर घ्या. तिथल्या दमट पावसाळ्यात संपर्कपट्ट्यांवर मळ चढतो. तो खोडरबराने हळूच पुसा.

तरीही गप्प? आता खरी गंमत! प्रोसेसरला हाक मारायला कार्डाला एक ठराविक तार लागते. तारांचे क्रमांक ० ते १५. ‘एनई २०००’ कार्ड बहुधा ३ वर लावलेले असे. दुसऱ्या सीरियल पोर्टची तारही तीच! जुन्या आयएसए खाचेत दोघांच्या हाका एका तारेवर सहसा चालत नाहीत. ध्वनिकार्ड नसेल तर ५ क्रमांक बहुधा मोकळा असतो. जंपर तिथे सरकवा आणि ड्रायव्हरलाही तोच क्रमांक सांगा.