उष्ण गंज आणि फवारलेले धातुलेप

लोहार भट्टीतून काढलेल्या लाल लोखंडावर घण घालू लागला, की काळे पापुद्रे उडतात. हाही एक प्रकारचा गंजच होय. मात्र तो ओलाव्याने चढत नाही. तापलेल्या लोखंडाचा हवेतील ऑक्सिजनशी संयोग होऊन तो बनतो. लोहाराचे त्यात थोडकेच नुकसान होते. परंतु वीजकेंद्रातील बॉयलरच्या नळ्यांना असा ताप वर्षानुवर्षे सोसावा लागतो.

वाराणसीच्या काशी हिंदू विद्यापीठात १९२३ पासून धातुशास्त्र शिकवले जाते. त्या शास्त्रापुढील हा बिकट प्रश्न नगराच्या दक्षिणेस, सोनभद्र जिल्ह्यातच पाहावयास मिळतो. तेथे ओबरा, अनपरा व शक्तिनगर येथे कोळशावर चालणारी मोठी वीजकेंद्रे आहेत. अशा केंद्रांत वाफेचे तापमान सुमारे ५४० अंश सेंटिग्रेडपर्यंत चढते. नळीची बाहेरील बाजू त्याहूनही अधिक तापते. राखेतील सोडियम, पोटॅशियम व लोह यांची संमिश्र सल्फेटे ६०० अंशांच्या आसपास वितळतात. ती नळीवर साचली, तर पोलादावरील ऑक्साइडचा संरक्षक थर त्यांत विरघळतो. नवा थर बनतो, तोही विरघळतो आणि नळी झिजत जाते. एकच नळी फुटली, तरी संपूर्ण संच बंद करावा लागतो.

सगळी नळी उंची मिश्रधातूची करणे फार खर्चाचे असते. म्हणून साध्या पोलादावर निकेल व क्रोमियम यांच्या मिश्रधातूचा लेप फवारतात. ही युक्ती स्वित्झर्लंडच्या माक्स शूप यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी प्रचारात आणली. प्रथम पृष्ठभाग कणांच्या माऱ्याने खरबरीत करतात. मग धातूची तार किंवा भुकटी ज्वालेत अथवा विद्युत्-ठिणगीत वितळवून तिचे थेंब वायूच्या झोताने त्यावर फेकतात. थेंब आदळून चपटे होतात व एकावर एक बसून काही दशांश मिलिमीटर जाडीचा लेप तयार होतो.

लेपाचे खरे कार्य पुढेच सुरू होते. तापताच त्यातील क्रोमियमचे ऑक्साइड बनते. ते पातळ, सलग आणि चिवट असते. ऑक्सिजन व गंधक यांना ते सहज आत शिरू देत नाही. परंतु लेपात आरपार छिद्रे राहिली, तर वितळलेले क्षार त्यांतून थेट पोलादापर्यंत पोहोचतात. शिवाय लेप व पोलाद यांचे प्रसरण सारखे नसल्यास वारंवार तापण्या-निवण्याने लेप सुटू लागतो. म्हणूनच प्रयोगशाळेत लेपित तुकड्यास क्षार फासून तो पुनःपुन्हा तापवतात, थंड करतात व तोलतात. वाढलेले वजन म्हणजे धातूने शोषलेला ऑक्सिजन होय.

आपल्या देशातील कोळशात गंधक कमी, पण राख पुष्कळ, बहुधा ३० ते ४५ टक्के, असते. तीत वाळूसारखे कठीण कण असल्याने नळीवर घासही बसतो. यास्तव येथील लेपाला गंजाबरोबर घर्षणाशीही झुंजावे लागते. त्यासाठी क्रोमियम कार्बाइडचे कठीण कण त्यात मिसळतात.