सरचूची रात्र

हिमाचल प्रदेशातील मनाली गावाहून लडाखातील लेह शहराकडे जो रस्ता जातो, तो रोहतांगच्या खिंडीवरून पावणेपाचशे किलोमीटरांच्या आसपास लांब आहे. एवढे अंतर म्हणजे मोटारसायकलीवर एका लांबशा दिवसाचे काम, असे नकाशा पाहून कोणासही वाटेल. आम्हालाही तसेच वाटले होते. परंतु या रस्त्यावर लांबीपेक्षा उंचीचा हिशेब मोठा असतो, आणि तो हिशेब करावयास आम्ही चुकलो.

मनाली समुद्रसपाटीपासून सुमारे 2000 मीटर उंच आहे. तेथून निघालेला रस्ता आधी 3978 मीटरांवरील रोहतांगची खिंड चढतो, खाली उतरतो, मग 4890 मीटरांवरील बारालाचा खिंडीवर जातो, पुन्हा उतरतो, आणि पुढे 5000 मीटरांहूनही उंच असलेल्या लाचुलुंग व तांगलांग या दोन खिंडी ओलांडून सिंधू नदीच्या काठी पोचतो. तुमच्यापैकी काही जण कळसूबाई चढून आले असतील. महाराष्ट्राचे ते सर्वांत उंच शिखर 1646 मीटरांचे आहे. तीन कळसूबाई एकीवर एक रचल्या तरी त्यांचा माथा तांगलांगच्या खिंडीस लागणार नाही.

सन 2004 च्या ऑगस्टअखेरीस आम्ही चौघे मित्र दोन मोटारसायकली घेऊन या रस्त्यास लागलो. मी तेव्हा शाळेत मराठी शिकवीत असे. दुसरा मोटारदुरुस्तीचा कारखाना चालवी. त्याला आम्ही मिस्त्री म्हणत असू. तिसरा चित्रकार होता. गणेशोत्सवाची आरास करावयाची म्हणून त्याला चतुर्थीपूर्वी घरी परतावयाचे होते. आणि चौथा माझा बालमित्र. तरुणपणी आखाड्यात त्याने बरीच नावे गाजविली होती आणि पन्नाशीकडे झुकला तरी शंभर जोर सहज काढी. त्याला सारे गाव पैलवान म्हणे. ही सफर मुळात त्याच्या डोक्यातून निघाली होती. तो माझ्या मागे बसे. मिस्त्री आणि चित्रकार दुसऱ्या गाडीवर.

प्रवासाचे वेळापत्रक मी आखले होते. त्यात केलाँग या गावी एक दिवस नुसता विसावा ठेवला होता. वेळापत्रक चांगले होते, हे मी आजही सांगेन. पण रोहतांगच्या वाटेवर दरड कोसळली आणि एक सबंध दिवस मनालीतच गेला. आता 2020 सालापासून रोहतांगच्या पोटातून 9 किलोमीटर लांबीचा अटल बोगदा जातो. तेव्हा तो नव्हता. चिखलातून गाड्या ढकलीत आम्ही दुसऱ्या दिवशी कसेबसे पलीकडे उतरलो. संध्याकाळी केलाँगला चहा पिताना मी वही काढली आणि गेलेला दिवस भरून काढण्यासाठी विसाव्याच्या दिवसावर काट मारली. कोणी हरकत घेतली नाही.

केलाँगच्या अलीकडे तांदी नावाचे ठिकाण आहे. तेथे चंद्रा आणि भागा या दोन नद्या मिळतात. संगमानंतरच्या नदीस चंद्रभागा म्हणतात. तीच पुढे चिनाब होते. पैलवानाच्या घरी पंढरीची वारी. नदीचे नाव ऐकताच त्याने गाडी थांबवावयास लाविली, काठावर उतरून पाणी डोळ्यांस लाविले आणि वर आला. तांदीच्या पंपावर आम्ही टाक्या व जवळचे कॅन काठोकाठ भरून घेतले. कारण येथून पुढे सुमारे साडेतीनशे किलोमीटर पेट्रोलचा पंप नव्हता.

दुसऱ्या दिवशी पहाटे केलाँग सोडले. दारचा गावानंतर झाडे संपली. डोंगर उघडे, तांबूस, कोठे राखेच्या रंगाचे. चित्रकार एकसारखा ‘थांबा, थांबा’ म्हणे आणि मिस्त्री थांबत नसे, कारण पुढचे ओढे दुपारच्या आत ओलांडणे अवश्य होते. या मुलखात ओढ्यांचे पाणी दिवसाच्या प्रहराप्रमाणे बदलते. रात्री वरचे बर्फ गोठलेले असते, म्हणून सकाळी घोट्याएवढे पाणी. ऊन चढले की बर्फ वितळू लागते आणि तोच ओढा दुपारी गुडघ्यापर्यंत येतो.

बारालाचाच्या चढावर आमच्या गाड्यांचा जीव जाऊ लागला. सपाटीवर दोन माणसे घेऊन उधळणारी गाडी पहिल्या गिअरमध्येही कुंथू लागली आणि मागून काळा धूर सोडू लागली. मिस्त्रीने आम्हाला कारण समजावून दिले. एक भाग पेट्रोल नीट जळावयाचे तर वजनाने सुमारे पंधरा भाग हवा लागते. इतक्या उंचीवर हवेचा दाब समुद्रकाठच्या दाबाच्या निम्म्याहून थोडाच अधिक असतो, म्हणून इंजिन दर खेपेस ओढून घेते ती हवा विरळ असते. आमच्या गाड्यांच्या कार्बुरेटरला मात्र हे कळत नव्हते. तो पेट्रोल त्या प्रमाणात कमी करीत नव्हता. पेट्रोल जास्त, हवा कमी. मग ते अर्धवट जळते, प्लगवर काजळी धरते आणि शक्ती घटते. त्याने हवेचा स्क्रू फिरविला, प्लग काढून पुसला, आणि गाडी थोडी हलकी झाली. तरी मागच्या माणसाला उतरावे लागेच. पैलवान उतरे आणि ढकली. एका ओढ्यात चाक दगडांत अडकले, तेव्हा बर्फाच्या पाण्यात उभे राहून त्याने ती गाडी जवळजवळ उचलूनच बाहेर काढली. आम्ही टाळ्या वाजविल्या.

खिंडीच्या किंचित खाली सूरजताल नावाचे निळेशार तळे आहे; तेथूनच भागा नदी निघते. चित्रकाराने अखेर तेथे वही उघडली. मी शिदोरी सोडली. पैलवानाने पोळीचा तुकडा हातात घेतला, थोडा वेळ धरून ठेवला आणि परत ठेवून दिला. ज्या माणसाने आयुष्यात पानात कधी काही टाकले नाही, त्याने पोळी परत ठेवली! हे मी पाहिले. पाहूनही विचारले नाही. दुपार कलली होती आणि मला सरचू गाठावयाचे होते.

सरचू हे हिमाचल आणि लडाख यांच्या सीमेवरील विस्तीर्ण माळरान आहे. उंची सुमारे 4300 मीटर. उन्हाळ्यात तेथे प्रवाशांसाठी तंबू पडतात. केलाँगची उंची सुमारे 3100 मीटर. म्हणजे आदल्या रात्री आम्ही जेथे निजलो होतो, त्यापेक्षा बाराशे मीटर वर त्या रात्री अंथरुणे पसरली. तीन हजार मीटरांच्या वर गेल्यावर निजण्याची जागा दररोज पाचशे मीटरांहून अधिक चढवू नये, असे डॉक्टर सांगतात. शरीराला विरळ हवेची सवय होते, पण ती दिवसांच्या हिशेबाने होते. श्वास हळूहळू जलद व खोल चालू लागतो, रक्तात आवश्यक ते फेरफार होतात. जोर काढून ही सवय लवकर येत नाही. उलट धट्टाकट्टा माणूस आपल्या ताकदीच्या भरवशावर घाईने वर जातो आणि अधिक श्रम करतो.

रात्री अकराच्या सुमारास मला जाग आली. पैलवान अंथरुणावर बसून दोन्ही हातांनी डोके दाबीत होता.

“काय होतंय रे?”

“काही नाही. नीज तू.”

“डोकं दुखतंय?”

“जरासं. सकाळपासून आहे.”

सकाळपासून! मग ओकारी आली म्हणून तो बाहेर जावयास निघाला. बुटाची नाडी बांधू लागला. गाठ पडेना. दोनदा, तीनदा त्याने प्रयत्न केला; बोटे नाडीभोवती फिरत आणि निसटत. ज्याच्या पकडीतून भले भले सुटले नव्हते, त्याच्या हातून नाडी सुटत होती. मी मिस्त्रीला हलवून उठविले आणि तंबूवाल्याकडे धावलो.

तंबूवाला लाहौलकडील वयस्क गृहस्थ होता. त्याने कंदील जमिनीवर ठेवला आणि पैलवानाला सांगितले, “साहेब, एका पावलाची टाच दुसऱ्याच्या बोटांना लावून सरळ रेषेत चाला.” पैलवान हसला, तीन पावले चालला आणि चौथ्याला कलंडला. तंबूवाल्याने त्याला धरले व मला बाजूला घेऊन म्हणाला, “नुसतं डोकं दुखतं ते विश्रांतीनं थांबतं. तोल जातो, तेव्हा मेंदूला सूज येऊ लागलेली असते. यांना खाली न्यायला हवं. उशीर केला तर माणूस दगावतो.”

“मग आत्ता नेऊ!”

“साहेब, इथून खाली जाणारा रस्ताच नाही.”

त्याचे म्हणणे खरे होते. सरचूच्या पुढे लाचुलुंगची खिंड, मागे बारालाचाची. सरचूहून कोणत्याही बाजूस उतरावयाचे तर आधी चढावे लागते. आम्ही आपल्या पायांनी एका कढईत येऊन बसलो होतो. आणि अंधारात, गोठलेल्या ओढ्यांतून, दम तुटलेल्या मोटारसायकलीवर आजारी माणसाला घेऊन 4890 मीटरांवर जाणे हे धाडस नव्हे, वेडेपणा झाला असता.

जवळच लष्कराची छावणी होती. तंबूवाला आमच्याबरोबर आला. तेथील जवानांनी एक शब्दही अधिक न विचारता पैलवानाला आत घेतले आणि नाकातोंडावर प्राणवायूचा मुखवटा चढविला. विरळ हवेत प्राणवायूचे शेकडा प्रमाण तेच असते, पण दर श्वासात मिळणारा प्राणवायू कमी पडतो; नळकांड्यातील वायूने ती उणीव काही काळ भरून निघते. तो उपाय तात्पुरता. खरा उपाय एकच, उतरणे. मी उशाशी बसून राहिलो. बाहेर थंडी अशी होती की कॅनमधले पिण्याचे पाणी वरून गोठले होते. पैलवान मधूनच मुखवटा बाजूला करी आणि म्हणे, “उद्या दुपारपर्यंत ठीक होईन. लेह चुकवू नका.” मी तो मुखवटा पुन्हा बसवी. गाडीने काळा धूर सोडला तेव्हा आम्ही चौघे तिच्याभोवती बसून स्क्रू फिरवीत होतो. आणि याने पोळी परत ठेवली तेव्हा मी घड्याळ पाहत होतो. त्या रात्री मला दुसरे काही सुचत नव्हते.

पहाटे मनालीकडे जाणारी एक जीप मिळाली. जवानांनी प्राणवायूचे नळकांडे बरोबर दिले. माझी मोटारसायकल तंबूवाल्याच्या स्वाधीन केली. मिस्त्री आणि चित्रकार दुसऱ्या गाडीवरून मागे निघाले. बारालाचाचा चढ जीप चढत होती तोवर मी पैलवानाला एकसारखा बोलता ठेवला. आमच्या शाळेतल्या सर्व गुरुजींची नावे त्याच्याकडून वदवून घेतली. दोन नावे त्याला आठवेनात. खिंड आली. सूरजताल मागे पडले. पुढे वळणावळणांनी उतार सुरू झाला आणि झिंगझिंगबार मागे टाकून आम्ही दारच्याच्या जवळ आलो, तेव्हा त्याने आपण होऊन एक नाव सांगितले. दारच्याच्या पुलाशी जीप थांबली. त्याने मुखवटा काढला, चहाच्या टपरीकडे पाहिले आणि विचारले, “काही खायला मिळेल का इथं?”

केलाँगच्या रुग्णालयात तो दोन दिवस राहिला. तिसऱ्या दिवशी बुटाची नाडी त्याने स्वतः बांधली. मिस्त्री एका ट्रकमधून परत सरचूस गेला आणि माझी गाडी घेऊन आला. तंबूवाल्याने राखणीचे पैसे घेतले नाहीत. चित्रकार चतुर्थीस घरी पोचला.

लेह त्या वर्षी राहिले. पुढच्या वर्षी, 2005 साली, आम्ही श्रीनगरच्या बाजूने गेलो. त्या रस्त्याचा चढ हळूहळू होतो. कारगिल 2700 मीटरांच्याही आत आहे. तेथे आम्ही दोन रात्री काढल्या. वाटेतील सर्वांत उंच खिंड, फोटू ला, 4108 मीटरांची; ती ओलांडून पाचव्या दिवशी संध्याकाळी लेहच्या उंबरठ्यावर उतरलो. मी गाडी उभी करतो न करतो तोच पैलवान मागून मोठ्याने म्हणाला, “ऐका रे सगळे! माझं डोकं दुखतंय. अगदी थोडं आहे, पण दुखतंय!”

मिस्त्रीने त्याच्या हातातली पिशवी घेतली, आणि चित्रकार त्याच्यासाठी पाणी आणावयास गेला.