ऱ्हीसस-ऋण माता आणि बहात्तर तासांची मुदत

ज्यांच्या तांबड्या पेशींवर ऱ्हीसस घटक नसतो, अशा ऱ्हीसस-ऋण स्त्रिया युरोपात शंभरात सुमारे पंधरा, तर भारतात सुमारे पाच असतात. गर्भ ऱ्हीसस-धन असला तरी पहिले अपत्य बहुधा सुखरूप जन्मते. मात्र वार सुटताना त्याच्या पेशी मातेच्या रक्तात मिसळतात, तिचे शरीर त्यांविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते आणि पुढील गर्भारपणी ती वारेतून पलीकडे जाऊन गर्भाच्या रक्तपेशींचा नाश करतात.

१९६० नंतरच्या दशकात लिव्हरपूल व न्यूयॉर्क येथे सापडलेला उपाय उफराटाच वाटावा: ज्या प्रतिपिंडांचे भय, तीच मातेला टोचावयाची! तिच्या शरीराला गर्भाच्या पेशींची ओळख पटण्यापूर्वीच ती त्यांचा निकाल लावतात. ३०० मायक्रोग्रॅम मात्रा १५ मिलिलिटर तांबड्या पेशींना पुरते. प्रसूतीनंतर ७२ तासांची जी मुदत सांगतात, तिचे मूळ मात्र शरीरधर्मात नाही. सिंग सिंग तुरुंगातील कैद्यांवर चाचण्या झाल्या, तेव्हा तेथील व्यवस्थेमुळे दोन टोचण्यांत तेवढे अंतर पडले होते. म्हणून मुदत टळली तरी इंजेक्शन टाळू नये. गर्भपातानंतरही ते आवश्यक ठरू शकते. मातेची स्वतःची प्रतिपिंडे एकदा तयार झाली, की मग त्याचा काही उपयोग होत नाही.