परदेशी सहलीचा ताळेबंद

'परदेशप्रवास' म्हटले की विमान, कोट आणि श्रीमंत नातेवाईक डोळ्यांपुढे येतात. वाणिज्याच्या विद्यार्थ्याने मात्र परदेशाची व्याख्या चलनावरून करावी. जेथे आपल्या रुपयाचा भाव विचारावा लागतो, तो परदेश. या व्याख्येप्रमाणे नेपाळ हा आपल्या खिशाला परवडणारा परदेश होय. सुट्टीत मी सूरतजवळच्या बमरोलीस मामांकडे असताना तेथील बारा महाविद्यालयीन मुलांनी नेपाळची सहल ठरविली व हिशेबाची वही माझ्याकडे दिली. त्या वहीतून जे शिकलो, ते विद्यार्थीबंधूंपुढे मांडीत आहे.

प्रथम बमरोलीविषयी थोडेसे. येथे घरोघर यंत्रमागांचा खडखडाट असतो. मागांच्या शेडला येथे 'खाते' म्हणतात. खान्देश, ओरिसा, उत्तर प्रदेश व बिहार येथून आलेले कारीगर बारा-बारा तासांच्या पाळीत ग्रे कापडाचे ताके विणतात. हे कापड पुढे प्रोसेसिंगच्या मिलमध्ये रंगते व रिंग रोडच्या बाजारात साडी होऊन विकले जाते. आमच्या गटातील बहुतेकांचे वडील याच धंद्यात. तेव्हा सहलीचा प्रत्येक रुपया विणून मिळविलेला होता, हे ध्यानी घ्यावे.

आता कागदपत्रे. भारत व नेपाळ यांच्यात 1950 साली शांतता व मैत्रीचा करार झाला. त्यामुळे भारतीय नागरिकास तेथे व्हिसा लागत नाही. परंतु ओळख पटविणारा कागद हवाच. प्रौढ व्यक्तीने पासपोर्ट अथवा निवडणूक आयोगाचे मतदार ओळखपत्र जवळ बाळगावे. निव्वळ आधार कार्डाच्या भरवशावर निघू नये. गटातील चौघांनी मतदार यादीत नावच घातलेले नव्हते. मतदानासाठी नाही तरी सहलीसाठी त्यांनी ते घातले, हा लोकशाहीचा लाभच म्हणावयाचा!

दुसरी बाब विनिमयाची. नेपाळी रुपया 1993 पासून भारतीय रुपयाशी एका ठराविक दराने बांधलेला आहे : 100 भारतीय रुपये म्हणजे 160 नेपाळी रुपये. डॉलरचा भाव रोज हलतो, हा हलत नाही. दुकानदार किंमत सांगताना 'आय.सी.' की 'एन.सी.' असे विचारतात; पहिले भारतीय चलन, दुसरे नेपाळी. 800 एन.सी. म्हणजे 500 आय.सी. हे पाठ असले म्हणजे फसगत टळते. नेपाळचा सर्वांत मोठा व्यापार भारताशी आणि सरहद्द खुली, म्हणून स्थिर दर व्यापाऱ्यास सोयीचा. पण त्याची किंमतही आहे. हा दर टिकविण्यासाठी नेपाळ राष्ट्र बँकेस डॉलर विकून भारतीय रुपये घ्यावे लागतात, आणि व्याजदर ठरवितानाही दिल्ली-मुंबईकडे पाहावे लागते. मोठ्या भारतीय नोटांवर 2018 साली नेपाळने बंदी घातली होती. असे नियम बदलत असतात, म्हणून निघण्यापूर्वी चौकशी करावी.

आता मुख्य धडा : खर्च. बारा जणांचे अंदाजपत्रक मी असे मांडले. सरहद्दीपासून सहा दिवसांची मिनीबस 72,000 नेपाळी, म्हणजे 45,000 भारतीय रुपये. मार्गदर्शकाचे 6,000 रुपये. हा झाला 51,000 रुपयांचा स्थिर खर्च. माणसे किती यावर तो अवलंबून नाही. दरडोई 4,250. बदलता खर्च दरडोई असा : रेल्वे जाऊन-येऊन 1,600, गोरखपूर ते सोनौली बस 300, सहा रात्रींचा मुक्काम 3,000, जेवणखाण 2,700, प्रवेशपत्रिका 1,500, एकूण 9,100. दोन्ही मिळून 13,350 रुपये.

पैसे भरण्याच्या आदल्या आठवड्यात एका मित्राच्या वडिलांचे खाते मंदीमुळे बंद पडले. 'मी येत नाही, माझी जागा दुसऱ्याला द्या,' एवढेच तो म्हणाला. दुसरा कोणी मिळेना. काहींचे मत पडले की नियम तो नियम. जो पूर्ण भरील तो येईल. मी वही उघडली. तो आला नाही तर 51,000 रुपये अकरांत वाटावे लागतील. प्रत्येकाला सुमारे 386 रुपये अधिक. तो केवळ 9,100 भरून आला, तरीही अकरांवर तेवढाच बोजा. म्हणजे 9,100 च्या वर तो जो रुपया भरील तो इतरांचा फायदाच! पुस्तकात ज्याला आपण सीमान्त खर्च म्हणतो तो हाच. त्याला फुकट काही नको होते, आणि हा हिशेब दयेचा नव्हता म्हणूनच तो त्याला पटला. त्याने 11,000 भरले; बाकीच्यांना प्रत्येकी सुमारे 214 रुपये जास्त पडले. नियम सांगणाऱ्यांनीही वहीवर सही केली.

प्रवासात जे पाहिले त्याचे वर्णन थोडक्यात देतो. लुंबिनी हे बुद्धाचे जन्मस्थान. तेथे अशोकाचा स्तंभ आहे. काठमांडू खोऱ्याचा 1979 साली जागतिक वारसा यादीत समावेश झाला. 25 एप्रिल 2015 च्या भूकंपात तेथील अनेक मंदिरे कोसळली, धरहरा मनोरा पडला. परंतु भक्तपूरचे पाच मजली न्यातपोल मंदिर, जे भूपतींद्र मल्ल राजाने 1702 साली बांधले, ते 1934 आणि 2015 या दोन्ही भूकंपांतून उभे राहिले. सार्क देशांच्या नागरिकांना येथे इतर परदेशी पाहुण्यांपेक्षा प्रवेशदर कमी आहे. घड्याळे पंधरा मिनिटे पुढे करावी लागतात, आणि नेपाळचे आर्थिक वर्ष एप्रिलऐवजी श्रावणात सुरू होते.

आपल्या कन्नड विभागातील वाचकांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. पशुपतिनाथाचे मुख्य पुजारी परंपरेने कर्नाटकातून येतात. 2008-09 च्या सुमारास नेपाळी पुजारी नेमण्याचा प्रयत्न झाला, मोठा वाद पेटला आणि परंपरा कायम राहिली. हिमालयाच्या पायथ्याशी आपल्या मुलखातली माणसे पूजा करतात हे ऐकून मला घरी आल्यासारखे वाटले.

आता ताळेबंदाची शेवटची ओळ. आम्ही नेपाळात जे खर्च केले ते अर्थशास्त्रात नेपाळची अदृश्य निर्यात व भारताची आयात ठरते. माल सरहद्द ओलांडत नाही, गिऱ्हाईकच ओलांडते. उलट, काठमांडूच्या असन बाजारात एका दुकानदाराने साडी उलगडली आणि 'सूरतचा माल' म्हणून सांगितले. ती दृश्य निर्यात. ज्याच्या वडिलांचे खाते बंद होते, त्या मित्राने तो पोत बोटांनी चाचपला व वीण कशी आहे ते दुकानदारालाच समजावून दिले. बमरोलीचे कापड आमच्याआधी परदेशी पोहोचले होते. विणणारे मात्र क्वचितच पोहोचतात.

मित्रहो, कन्नडमधील 'लेक्क' आणि मराठीतील 'लेखा' हे शब्द एकमेकांचे सोयरे वाटतात. दोन्हींचा अर्थ हिशेब. आपल्यापैकी कोणी सहल काढणार असेल, तर प्रथम स्थिर व बदलता खर्च वेगळा लिहावा, मग 'कोणाला परवडत नाही' हे विचारावे. अनेकदा असे दिसते की जो मागे राहणार होता, त्याला नेण्यास इतरांचे काहीच जास्त जात नाही. हिशेब नीट मांडला, तर तो माणसाच्या आड येत नाही.