व्हीसीआर घेताना

लष्करी शिक्षणाच्या तासाला आपल्याला शिकवतात : आधी उद्दिष्ट, मग परिस्थिती, मग पर्याय आणि शेवटी योजना. दिवाळीच्या सुट्टीत घरी व्हीसीआर घेताना मी हीच रीत वापरली.

उद्दिष्ट : आमचे घर जयपूरला, बनी पार्कमध्ये. बाबा जैसलमेरच्या पुढे, सीमेवर. २६ जानेवारीच्या दिल्लीतील संचलनात त्यांच्या रेजिमेंटची तुकडी असणार होती. त्या सकाळी बाबा ठाण्यावर, आई तिच्या शाळेत झेंडावंदनाला, मी इथे कवायतीच्या मैदानावर. घरी एकटी आजी. बाबा रजेवर येतील तेव्हा त्यांना ते संचलन दाखवायचे होते.

परिस्थिती : पैसे मोजकेच. शिवाय वीज केव्हा जाईल याचा नेम नाही.

पर्याय : दुकानदाराने आधी व्हीसीपी दाखवला. तो बराच स्वस्त, पण त्यावर कॅसेट फक्त पाहता येते, मुद्रण करता येत नाही. मामा अमेरिकेहून यंत्र आणायला तयार होता. मात्र तिकडची पद्धत तेव्हा एनटीएससी होती : ५२५ रेषा आणि सेकंदाला ३० चित्रे. आपले दूरदर्शन तेव्हा पाल पद्धतीचे होते : ६२५ रेषा, २५ चित्रे. तिकडचे साधे यंत्र आपले प्रक्षेपण टिपू शकत नव्हते. तिकडची वीजही ११० ते १२० व्होल्टची. चार हेडच्या यंत्रात थांबवलेले चित्र अधिक स्वच्छ दिसते, पण आमच्या कामाला दोन हेड पुरेशी होती. भाड्याच्या कॅसेट आसपास व्हीएचएसच्याच मिळत, म्हणून बीटामॅक्स वगळले.

योजना : पाल पद्धतीचा, दोन हेडचा, टायमर असलेला व्हीएचएस व्हीसीआर आणि ई-१८० कॅसेट. नेहमीच्या वेगाने तिच्यावर तीन तास मावतात. निम्म्या वेगाने सहा तास मावतात, पण चित्र उतरते.

टायमरवर सगळा भरवसा नको, असे मला वाटले. म्हणून मी आजीला मुद्रण कसे करायचे ते शिकवले. आमच्या यंत्रात त्यासाठी दोन बटणे एकदम दाबावी लागतात. आजीला इंग्रजी अक्षरे येत नाहीत. तिने आपल्या डबीतल्या दोन लाल टिकल्या त्या बटणांवर चिकटवल्या आणि रोज सरावाला बसू लागली.

२५ जानेवारीच्या रात्री वीज गेली. सकाळी आई निघून गेल्यावर आजीने पाहिले, तर यंत्राच्या घड्याळात नुसती शून्ये लुकलुकत होती. टायमरला लावलेली वेळ पुसली गेली होती. आजीने टीव्ही लावला, संचलन सुरू होताच दोन्ही टिकल्या दाबल्या आणि शेवटपर्यंत जागची हलली नाही.

म्हणून सांगतो, यंत्रात सोयी किती आहेत हे जरूर मोजा. पण घरात त्यातल्या कोणाला किती वापरता येतील, तेही मोजा.

मार्चमध्ये बाबा रजेवर आले. त्यांनी ती तुकडी तीनदा पाहिली. मग कॅसेटच्या कडेची छोटी प्लॅस्टिकची पट्टी मोडून टाकली. ती मोडली की त्या कॅसेटवर चुकून दुसरे काही मुद्रित होत नाही.