चांदूर रेल्वे : एका लहान स्थानकाची वाटचाल व सेवा

अमरावती जिल्ह्यात चांदूर नावाची दोन मोठी गावे आहेत. उत्तरेकडे अचलपूरच्या बाजूस असलेले चांदूर तेथील बाजारामुळे ‘चांदूर बाजार’ म्हणून ओळखले जाते. तर बडनेऱ्याच्या पूर्वेस सुमारे ३० किलोमीटरवर लोहमार्गालगत असलेले चांदूर ‘चांदूर रेल्वे’ या नावाने प्रसिद्ध आहे. स्थानकाच्या फलकावर ‘चांदूर’ एवढेच नाव असले, तरी महसुली दप्तरात, शाळेच्या दाखल्यावर आणि टपालाच्या पत्त्यात ‘रेल्वे’ हा शब्द गावाच्या नावाशी कायमचा जोडला गेला आहे. याच मार्गावरील धामणगावचीही तीच कथा आहे. स्थानकाने गावाला ओळख द्यावी, अशी ही उदाहरणे वऱ्हाडच्या आर्थिक इतिहासावर चांगला प्रकाश टाकतात.

लोहमार्गाचे आगमन

१८५३ च्या तहान्वये वऱ्हाड प्रांताचा कारभार निजामाकडून इंग्रजांकडे आला. त्याच वर्षी १६ एप्रिल रोजी मुंबई ते ठाणे अशी पहिली प्रवासी आगगाडी धावली. वऱ्हाडची काळी जमीन कापसासाठी पूर्वीपासून प्रसिद्ध होती. परंतु माल बाहेर नेण्याची साधने तुटपुंजी होती. अमरावतीचा कापूस बैलांच्या पाठीवर लादून गंगेकाठच्या मिर्झापूरपर्यंत, म्हणजे सुमारे ८०० किलोमीटर, नेला जात असे. वाटेत पाऊस लागला, की माल भिजे आणि जनावरेही दगावत.

१८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले. तेथील कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाल्याने हिंदुस्थानातील कापसाला मागणी आली. याच सुमारास ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने भुसावळपासून नागपूरकडे मार्ग टाकण्याचे काम चालविले होते. अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा, चांदूर, धामणगाव, पुलगाव, वर्धा अशी स्थानके घेत हा मार्ग १८६७ मध्ये नागपूरला पोहोचला. अमरावती शहर मुख्य मार्गापासून बाजूला राहिले व त्यास बडनेऱ्याहून फाटा काढावा लागला. खामगावच्या बाजारपेठेसही असाच फाटा १८७० मध्ये मिळाला. चांदूर मात्र थेट मुख्य मार्गावर आले. ज्या गावी गाडी थांबली, तेथे बैलगाड्यांचे रस्ते येऊन मिळाले, असा क्रम सर्वत्र दिसतो. यवतमाळचा कापूस दीर्घकाळ धामणगाव स्थानकावर येत असे, हे याचे ठळक उदाहरण होय.

५ नोव्हेंबर १९५१ रोजी मध्य रेल्वेची स्थापना झाली आणि हा मार्ग तिच्याकडे आला. १९९० च्या आगेमागे या भागात विद्युतीकरण झाले.

लहान स्थानकाचे कार्य

लहान स्थानक म्हणजे केवळ तिकीट खिडकी व फलाट नव्हे. एका वेळी मार्गाच्या एका ठरावीक भागात एकच गाडी असावी, हे रेल्वेच्या सुरक्षिततेचे मूळ सूत्र आहे. पुढील स्थानकाची अनुमती घेऊन गाडी सोडणे, मागून येणाऱ्या जलद गाडीसाठी संथ गाडी बाजूच्या मार्गावर घेणे, सिग्नल व सांधे यांवर लक्ष ठेवणे ही कामे स्थानकाधिकारी रात्रंदिवस पाहतात. न थांबता जाणाऱ्या गाडीच्या प्रवाशांच्या जीविताची काळजीही अशी लहान स्थानके वाहत असतात.

मालवाहतुकीचे स्वरूप मात्र पालटले. पूर्वी व्यापारी थोडा थोडा माल गावच्या धक्क्यावर नोंदवीत. पुढे रेल्वेने संपूर्ण गाडीभर माल एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी नेण्यावर भर दिला. रस्ते सुधारले, मालमोटारी वाढल्या आणि लहान स्थानकांचे मालधक्के मागे पडले. आज अशा स्थानकाचे महत्त्व मुख्यतः प्रवाशांसाठी आहे.

चांदूर परिसरातील विद्यार्थी बडनेरा व अमरावती येथील महाविद्यालयांत जातात. १९८३ मध्ये अमरावती विद्यापीठ स्थापन झाल्यापासून ही ये-जा अधिकच महत्त्वाची ठरली आहे. रुग्णांना याच मार्गाने सेवाग्राम व नागपूर येथील रुग्णालये गाठता येतात. गुढीपाडव्यास तालुक्यातील सावंगा विठोबा येथे भाविक मोठ्या संख्येने येतात व कापूर जाळतात.

थांब्याचा प्रश्न

२०२० च्या मार्चमध्ये महामारीमुळे देशभर प्रवासी गाड्या बंद झाल्या. सेवा पुन्हा सुरू होताना अनेक लहान स्थानकांवरील पूर्वीचे थांबे लगेच परत मिळाले नाहीत. सवारी गाड्यांनाही जलद गाडीचे भाडे लागू झाले आणि किमान १० रुपयांच्या तिकिटासाठी ३० रुपये मोजावे लागले. साधे भाडे २०२४ मध्ये पूर्ववत झाले. चांदूर रेल्वे येथील नागरिकांनीही थांब्यांची मागणी लावून धरली. रोज जाणाऱ्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने एक थांबा जाणे म्हणजे शिक्षणाचा खर्च वाढणे होय.

या प्रश्नाची दुसरी बाजूही समजून घेतली पाहिजे. गाडी थांबविताना वेग कमी करणे, उभे राहणे व पुन्हा वेग घेणे यांत वेळ व ऊर्जा खर्च होते. गजबजलेल्या मार्गावर मागील गाड्याही रखडतात. म्हणून नवा थांबा बहुधा प्रथम प्रायोगिक तत्त्वावर दिला जातो व तिकीट विक्री पाहून पुढील निर्णय होतो. येथे एक अडचण उद्भवते. गाडी चांदूरला थांबत नसेल, तर प्रवासी बडनेऱ्याला जाऊन तेथून तिकीट काढतो. त्याची गरज चांदूरची, परंतु नोंद बडनेऱ्याची होते. केवळ विक्रीचे आकडे पाहिल्यास गावाची खरी गरज दिसत नाही.

ही गरज दाखविण्याचे काम स्थानिक संस्थांना करता येईल. कोणत्या गावातील किती विद्यार्थी, नोकरदार व रुग्ण कोणत्या वेळी कोठे जातात, याची यादी ग्रामपंचायत व शाळा यांनी तयार करावी. नुसत्या ठरावापेक्षा अशी माहिती विभागीय रेल्वे प्रवासी सल्लागार समितीपुढे अधिक प्रभावी ठरते. मिळालेल्या थांब्यावरून तिकीट काढूनच प्रवास करणे, हा तो टिकविण्याचा खात्रीचा उपाय होय.

उपलब्ध सवलती

घर ते शाळा अशा प्रवासासाठी मुलींना पदवीपर्यंत व मुलांना बारावीपर्यंत द्वितीय वर्गाचा मासिक पास विनामूल्य मिळू शकतो. त्यासाठी शाळेचे विहित प्रमाणपत्र लागते. उपचारासाठी जाणाऱ्या कर्करोग रुग्णास शयनयान वर्गात भाडे माफ असून सोबत्यास ७५ टक्के सवलत आहे; रुग्णालयाचे विहित नमुन्यातील प्रमाणपत्र आवश्यक असते. दिव्यांगांच्या ठरावीक वर्गांनाही सवलती आहेत. ज्येष्ठ नागरिकांची भाडे सवलत मात्र २०२० मध्ये बंद झाली. शिक्षक व ग्रामसेवकांनी ही माहिती गावसभेत सांगितल्यास अनेक गरजूंचा खर्च वाचेल.

पुढील वाट

ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने वर्धा ते भुसावळ या ३१४ किलोमीटर अंतरात तिसऱ्या व चौथ्या मार्गास मंजुरी दिली. हे काम पूर्ण झाल्यावर मालगाड्यांची गर्दी विभागली जाईल व प्रवासी गाड्यांना थांबण्यास अधिक अवसर मिळू शकेल. त्या वेळी कोणत्या स्थानकास काय हवे, हे सांगण्याची तयारी आजपासून व्हावयास हवी. रेल्वेने चांदूरला नाव दिले. ते नाव सार्थ ठेवणे रेल्वे प्रशासन आणि नागरिक या दोहोंच्या सहकार्यावर अवलंबून आहे.